फादरांना केव्हा बोलवावे?
(रुग्णाभ्यंग संस्काराची ओळख)



घरात कोणी गंभीर आजारी असले की एक वाक्य हमखास कानावर येते, "फादरांना इतक्यात नका बोलवू. आईला वाटेल, आता आपलं काही खरं नाही." बोलणाऱ्याच्या मनात आईविषयी मायाच असते. पण पुढे काय होते? दिवस जातात, आईचे बोलणे थांबते, श्वास जड होतो आणि मध्यरात्री केव्हातरी धर्मग्रामात फोन वाजतो. फादर धावत येतात, तेल लावतात, प्रार्थना म्हणतात. आईला त्यातले काही ऐकू गेले की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. जो संस्कार तिने जाणतेपणी, स्वतःच्या तोंडाने 'आमेन' म्हणून स्वीकारायचा, तो तिच्या नकळत होऊन जातो. कधी कधी तर फादर पोहोचण्याआधीच सारे संपलेले असते.

हा संस्कार म्हणजे रुग्णाभ्यंग. सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा आणि विवाह यांची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. या संस्काराची मात्र आपल्याला भीती वाटते. ही भीती कोठून आली आणि ख्रिस्तसभेची खरी शिकवण काय आहे, हे आज समजून घेऊ या.

प्रभू येशू आणि आजारी माणसे

शुभवर्तमानाची पाने उलटली तर प्रभू येशू सतत आजाऱ्यांच्या गराड्यात दिसतो. तो कुष्ठरोग्याला हात लावतो, आंधळ्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो, पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूला हात धरून उठवतो. लांबून नुसता शब्द उच्चारूनही तो बरे करू शकत होता आणि काही वेळा त्याने तसे केलेही. तरीही बहुतेकदा त्याने स्पर्श केला. आजारी माणसाला औषधाइतकीच जवळ येणाऱ्या माणसाची गरज असते, हे तो जाणत होता.

हेच काम त्याने शिष्यांवर सोपवले. बारा शिष्यांना दोघेदोघे करून पाठवल्यावर त्यांनी पश्चात्तापाचा संदेश दिला, भुते काढली आणि पुष्कळ आजाऱ्यांना तेल लावून बरे केले, असे मार्क सांगतो (मार्क ६:१२-१३). त्या काळी तेल हे घरोघरी वापरले जाणारे औषध होते. चांगल्या शमरोनी माणसाच्या दाखल्यातही जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतलेला आपण वाचतो (लूक १०:३४). आपल्याकडेही बाळाला तेल चोळणारी आजी आणि दुखऱ्या सांध्यांना तेल लावणारी सून आपण पाहतोच. अशी ही रोजच्या वापरातली वस्तू प्रभूने आपल्या कृपेची खूण म्हणून निवडली.

संत याकोब काय सांगतो?

या संस्काराचा मुख्य आधार याकोबाच्या पत्रात आहे (याकोब ५:१४-१५). तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यावर प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला तारील, प्रभू त्याला उठवील आणि त्याने पापे केली असतील तर त्यांची क्षमा होईल, असा त्याचा आशय आहे. या दोन वचनांत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, बोलावणे कोणी धाडायचे? आजाऱ्याने स्वतः! म्हणजे तो शुद्धीवर आहे, बोलू शकतो, आपल्याला काय हवे ते सांगू शकतो, असे याकोबाने गृहीतच धरले आहे.

दुसरी गोष्ट, 'वडील' हा शब्द अनेकवचनी आहे. आजाऱ्याच्या खाटेपाशी एक माणूस येतो, तेव्हा त्याच्यामागे सारी ख्रिस्तसभा उभी असते. आजारपणाने माणूस मिस्सापासून, शेजारापासून, कामापासून तुटतो. म्हणून ख्रिस्तसभाच उठून त्याच्याकडे जाते.

तिसरी गोष्ट, 'उठवील' या शब्दासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच पेत्राच्या सासूला येशूने उठवले तेथे येते (मार्क १:३१) आणि रिकाम्या कबरेपाशी प्रभू उठला आहे अशी बातमी मिळते तेथेही येते (मार्क १६:६). आजाऱ्याला खाटेवरून उठवणे आणि मेलेल्याला कबरेतून उठवणे या दोन्ही आशा एकाच शब्दात सामावल्या आहेत. आजारी माणूस बरा झाला तरी प्रभू त्याला उठवतो आणि त्याचा मृत्यू झाला तरी प्रभूच त्याला उठवणार आहे.

'शेवटचे तेल' हे नाव कसे पडले?

पहिल्या शतकांत या तेलाचा मरणाशी खास संबंध जोडलेला नव्हता. सन ४१६ मध्ये पोप इनोसंट पहिले यांनी गुब्बिओच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात आजाऱ्यांच्या तेलाचा उल्लेख आहे. बिशपांनी आशीर्वादित केलेले हे तेल धर्मगुरूंप्रमाणेच इतर ख्रिस्ती लोकही स्वतःच्या आणि घरच्यांच्या गरजेसाठी वापरत, असे त्यातून दिसते. सहाव्या शतकात फ्रान्समधील आर्ल शहराचे बिशप संत सिझेरियस आपल्या लोकांना बजावत, की आजारी पडल्यावर मांत्रिकांच्या दारी जाऊ नका, चर्चमध्ये या, ख्रिस्तशरीर घ्या आणि पवित्र तेल लावून घ्या. भगत आणि देवऋषी यांच्याकडे चोरून जाणारी माणसे आजही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी हा चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीचा उपदेश अजून ताजा आहे.

मग बदल कशामुळे झाला? त्या काळी मोठ्या पापांसाठीचे प्रायश्चित्त फार कडक असे आणि ते आयुष्यात एकदाच घेता येत असे. साहजिकच लोक ते मरणाच्या घटकेपर्यंत लांबवू लागले. तेल लावण्याचा विधी प्रायश्चित्तानंतर होत असल्यामुळे तोही मागे ढकलला गेला. बाराव्या शतकापर्यंत त्याचे नावच 'अंतिम अभ्यंग' असे पडले. आजाऱ्यांचा संस्कार मरणाऱ्यांचा होऊन बसला, आणि फादर तेलाची कुपी घेऊन दारात आले की घरातल्या बाया रडू लागल्या.

ख्रिस्तसभेने मात्र मूळ शिकवण कधीच सोडली नव्हती. ट्रेंटच्या परिषदेत १५५१ साली या संस्कारावर चर्चा झाली, तेव्हा हा संस्कार 'फक्त' मरणपंथास लागलेल्यांना द्यावा, असा एक मसुदा पुढे आला होता. परिषदेने तो शब्द बदलून 'विशेषतः' असा केला. शब्द एकच बदलला, पण त्यामुळे दार उघडे राहिले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ते दार सताड उघडले. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात (क्र. ७३) सांगितले आहे, की या संस्काराला 'रुग्णाभ्यंग' हेच नाव अधिक योग्य आहे. तो केवळ मरणाच्या टोकाला पोहोचलेल्यांसाठी नाही. आजारामुळे किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका संभवू लागला की संस्काराची योग्य वेळ आलेलीच असते. त्यानंतर ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप पॉल सहावे यांनी नवा विधी जाहीर केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात अशा इंद्रियांना तेल लावून प्रत्येक इंद्रियाने केलेल्या पापांची क्षमा मागितली जाई. आता कपाळाला आणि हातांना तेल लावतात आणि याकोबाच्या पत्रातील आशयाची प्रार्थना म्हणतात. ऑलिव्हचे तेल मिळत नसेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेल वापरण्याची मुभाही त्यांनी दिली.

एक उदाहरण सर्वांना ठाऊक असण्यासारखे आहे. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. इस्पितळात शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्या चिटणीसांनी त्यांना रुग्णाभ्यंग दिला. त्यानंतर ते जवळजवळ २४ वर्षे जगले. ३१ मार्च २००५ रोजी त्यांना पुन्हा हा संस्कार देण्यात आला आणि २ एप्रिलला ते देवाघरी गेले. संस्कार तोच, प्रभूही तोच. एकदा त्याने त्यांना कामासाठी उठवले, एकदा आपल्या घरी नेण्यासाठी.

कोणाला, केव्हा आणि किती वेळा?

• ज्यांना गंभीर आजार झाला आहे त्यांना. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असे निदान झाले की मरण जवळ येण्याची वाट पाहायची नसते. डॉक्टरांचा दाखलाही लागत नाही. समंजसपणे विचार करून आजार गंभीर वाटतो, एवढे पुरे.

• गंभीर आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्यापूर्वी. इस्पितळात दाखल होण्याच्या आदल्या रविवारी मिस्सानंतर फादरांना भेटले तरी चालते.

• म्हातारपणाने शक्ती फार क्षीण झाली असेल तर, मोठा आजार नसला तरी. मात्र साठी उलटली म्हणून सरसकट सर्वांनी रांगेत उभे राहावे, असा याचा अर्थ नाही.

• आजारी मुलांना, ज्यांना या संस्काराने बळ मिळेल इतकी समज आली आहे.

• बेशुद्ध असलेल्यांना, शुद्धीवर असते तर त्यांनी हा संस्कार मागितला असता असे मानायला जागा असेल तर. त्यांनाही संस्काराची कृपा मिळते, म्हणून उशीर झाला असला तरी फादरांना बोलवावेच. माणूस गेला की आहे याविषयी शंका असेल तरीही संस्कार देता येतो. मृत्यू निश्चित झाला असेल तर तेल लावत नाहीत, त्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात.

हा संस्कार पुन्हा घेता येतो. बरा झालेला माणूस परत गंभीर आजारी पडला किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली, तर तो पुन्हा मागावा. साध्या सर्दी-पडशासाठी किंवा किरकोळ दुखण्यासाठी तो नाही.

ही जबाबदारी कोणाची? १९८३ च्या धर्मसंहितेत (कलम १००१) धर्मगुरूंबरोबर आजाऱ्याच्या जवळच्या माणसांचाही उल्लेख आहे. आजाऱ्याला योग्य वेळी संस्कार मिळेल हे त्यांनी पाहायचे आहे. आजाऱ्याच्या प्रकृतीची खबर सर्वांत आधी घरच्यांनाच असते. फादरांना कोणी कळवलेच नाही, तर ते येणार कसे?

घरात काय तयारी करावी?

खाटेजवळ लहान टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि पवित्र पाणी ठेवावे. आजाऱ्याला ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती मुळीच पेटवू नये. टीव्ही बंद करावा. आजाऱ्याला अन्न-पाणी गिळता येते का, हे फादरांना आधीच सांगावे, म्हणजे ख्रिस्तशरीर द्यायचे की नाही हे त्यांना ठरवता येते. आजाऱ्याला पापनिवेदन करायचे असेल तर घरच्यांनी थोडा वेळ खोलीबाहेर जावे. नंतर मात्र सर्वांनी, नातवंडांनीसुद्धा, आत यावे. देववचन वाचले जाते, फादर शांतपणे आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवतात, कपाळाला आणि हातांना तेल लावतात आणि सर्व जण 'आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचा हा विधी आहे. मुलांनी तो एकदा पाहिला की त्यांच्या मनात या संस्काराची भीती राहत नाही.

रुग्ण इस्पितळात असेल तर कळवताना इस्पितळाचे नाव, विभाग, खाटेचा क्रमांक आणि भेटीची वेळ सांगावी. आपले गाव दूर असेल तर तेथल्या जवळच्या चर्चमध्ये विचारावे. 'आपलेच फादर' हवेत असा हट्ट धरून वेळ घालवू नये. निकड असेल तेव्हा कोणताही धर्मगुरू हा संस्कार देऊ शकतो.

काही शंका

तेल लावले की आजारी बरा होतो का? कधी कधी होतो, आणि तसे मागण्यात काही गैर नाही. पण संस्कार म्हणजे जादू नव्हे. शरीर बरे होणे आत्म्याच्या तारणासाठी हिताचे असेल तर प्रभू तेही देतो. नेहमी मिळते ते म्हणजे बळ, मनाची शांती, निराशेवर मात करण्याचे धैर्य, ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जडलेले नाते, आणि पापनिवेदन करणे शक्य झाले नसेल तर पापांची क्षमा. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'आपण आता कोणाच्याच उपयोगाचे राहिलो नाही' असे वाटू लागते. त्याला हा संस्कार सांगतो, की तुझे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले गेले आहे आणि ख्रिस्तसभेला तुझ्या प्रार्थनेची गरज आहे.

म्हणजे औषधोपचार नको का? हवाच. बेनसिराच्या ग्रंथात (३८:१-१५) देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याचे स्थान दे, अशीच शिकवण आहे. देव दोघांच्याही हातून काम करतो.

तीर्थक्षेत्राहून आणलेले तेल लावले तर? भक्तिभावाने ते लावायला हरकत नाही. पण तो संस्कार नव्हे. हा संस्कार फक्त धर्मगुरू आणि बिशपच देऊ शकतात. त्यासाठीचे तेल पवित्र सप्ताहातील क्रिझम मिस्सामध्ये बिशप आशीर्वादित करतात आणि तेथून ते प्रत्येक धर्मग्रामात येते. घरी ख्रिस्तशरीर घेऊन येणारे प्रापंचिक सेवक आजाऱ्यासाठी प्रार्थना करू शकतात, पण हे तेल लावू शकत नाहीत.

आमच्या माणसाला हा संस्कार मिळालाच नाही, त्याचे काय? हा प्रश्न अनेक घरांत अजून सलतो आहे. २०२० आणि २०२१ च्या कोरोना साथीत कित्येक जण अतिदक्षता विभागात एकटे गेले. घरच्यांना चेहरा पाहता आला नाही, फादरांना आत सोडले नाही. त्या घरांनी मनाला दोष लावून घेऊ नये. देवाने तारणाचे संस्कार दिले, पण तो स्वतः त्या संस्कारांच्या चौकटीत अडकून पडलेला नाही. २० मार्च २०२० रोजी रोमहून निघालेल्या फर्मानात ख्रिस्तसभेने अशा सर्वांना देवाच्या दयेवर सोपवले. आयुष्यात प्रार्थनेची सवय ठेवलेल्यांना, संस्कार मिळू शकला नाही तरी, मरणाच्या घटकेला पूर्ण दंडमाफीही जाहीर केली. जेथे फादर पोहोचू शकले नाहीत, तेथे प्रभू पोहोचला, ही आपली श्रद्धा आहे. पण ज्या घरांना आज वेळ आहे आणि फादरही हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांनी ती वेळ दवडू नये.

खरा शेवटचा संस्कार कोणता?

या जगाचा निरोप घेणाऱ्यासाठी ख्रिस्तसभेने ठेवलेला शेवटचा संस्कार तेलाचा नसून ख्रिस्तशरीराचा आहे. त्याचे लॅटिन नाव 'व्हियातिकुम' असे आहे. त्याचा अर्थ आपल्या भाषेत एका शब्दात सांगता येतो, तो म्हणजे शिदोरी. लांबच्या वाटेला निघणाऱ्याला घरची माणसे भाकरी बांधून देतात, तशी ख्रिस्तसभा आपल्या लेकराला जीवनाची भाकर बांधून देते. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर यांनी आपला ख्रिस्ती प्रवास सुरू होतो. पापनिवेदन, रुग्णाभ्यंग आणि शिदोरीचे ख्रिस्तशरीर यांनी तो पूर्ण होतो. पण ही शिदोरी घेण्यासाठी गिळता आले पाहिजे, शुद्ध असली पाहिजे. येथेही उशीर आड येतो.

म्हणून आईला काय वाटेल, या काळजीने गप्प बसू नका. आईला सरळ विचारा, "आई, फादर येऊन तुझ्यासाठी प्रार्थना करतील, तेल लावतील. बोलवू का?" आजारी माणसाला आपल्या आजाराची कल्पना आपल्यापेक्षा अधिक असते. पुष्कळदा तीच या प्रश्नाची वाट पाहत असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये जागतिक रुग्णदिनाची घोषणा केली आणि ११ फेब्रुवारी १९९३ पासून लूर्डच्या मातेच्या सणाला तो पाळला जातो. अनेक धर्मग्रामांत त्या सुमारास मिस्सामध्ये आजाऱ्यांना एकत्रितपणे हा संस्कार दिला जातो. आपल्या वाडीतील कोणाला चर्चपर्यंत आणायला रिक्षा किंवा व्हीलचेअर लागेल, याची यादी आधीच करून ठेवली तर ती मोठी सेवा होईल.

कुटुंबात आणि वाडीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी

१. आपल्या घरात किंवा शेजारी आज असे कोण आहे, ज्याला हा संस्कार मिळायला हवा? या आठवड्यात फादरांना कोण कळवील?

२. 'मी गंभीर आजारी पडलो तर मला फादरांना भेटायचे आहे' हे आपण आपल्या मुलांना स्पष्ट सांगितले आहे का? तसा कागद, धर्मग्रामाच्या फोन नंबरासह, दवाखान्याच्या फाईलमध्ये ठेवला आहे का?

३. याकोब ५:१३-१६ हा उतारा मोठ्याने वाचा आणि आपल्या वाडीतील आजाऱ्यांची नावे घेऊन प्रत्येकासाठी एक 'नमो मरिया' म्हणा.